लाल पेटीतला ढावलो

वारंगा फाट्यावर एसटी थांबते त्याच्या जरा पुढे, पंक्चरवाल्याला लागून, रणजीत राठोडचं फोटोचं दुकान आहे. लग्नाची शूटिंग, पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन, झेरॉक्स. माझी नाटक मंडळी बंद पडली, चेहऱ्यावरचा रंग उतरला आणि मी या फाट्यावर लेकीकडे राहायला आलो. तेव्हापासून माझी दुपार या दुकानातल्या स्टुलावर जाते. तीस वर्षं लाकडी सिंहासनावर बसलेल्या माणसाला शेवटी स्टूलच सोयीचं वाटतं.

रणजीत तसा बोलका. गिऱ्हाइकाला ‘हनुवटी खाली, नजर इकडं’ सांगता सांगता त्याच्या गावातली चार नाती काढणारा. पण गेल्या उन्हाळ्यात, लेकीचं लग्न तोंडावर आलं आणि हा माणूस एकाएकी गप्प झाला. कॅमेरा पिशवीतून काढायचा, काच पुसायची, ठेवायचा, पुन्हा काढायचा. गिऱ्हाईक हाक मारायचं आणि हा रस्त्यापलीकडे बघत बसायचा.

“अरे, पोरीचं लग्न आहे, फाशी नाही,” मी एकदा म्हणालो.

“मांडवाचं मला काई न्हाई मास्तर,” तो म्हणाला. “मला त्या लाल पेटीचं भ्या वाटून राहिलं.”

ही लाल पेटी काय, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल. दोन हजार सहा सालात जगात नवी, अतिशय स्वच्छ चित्राची चकती निघाली, आणि निघाली ती एक नाही, दोन. एकीचं नाव एचडी डीव्हीडी, दुसरीचं ब्लू-रे. पहिली लाल पेटीत मिळायची, दुसरी निळ्या. दोन्हींत चित्र सारखंच देखणं, पण एकीच्या मशीनमध्ये दुसरी चालायची नाही. मोठमोठ्या कंपन्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. आमच्या हिंगोली जिल्ह्यात त्या युद्धाला दोनच शिलेदार मिळाले. लाल बाजूला वारंग्याचा रणजीत, निळ्या बाजूला जवळा बाजारचा भागवत कदम.

रणजीतचा एक मावसभाऊ हैदराबादेत लॅपटॉपच्या दुकानात होता. त्याने लाल चकती लिहिणारा लॅपटॉप आणून दिला. “डीव्हीडी लोकाला माहीत हाय, तिचंच हे पोरगं,” असं रणजीतचं गणित. भागवत म्हणायचा, “निळीत दुप्पट माल बसतो, कळंल तुमाला.” गंमत अशी की अख्ख्या जिल्ह्यात कोणाच्या घरी यांतलं एकही मशीन नव्हतं. म्हणून दोघांनी एक रीत पाडली. लग्नाची चकती द्यायची ती नुसती द्यायची नाही. आपलं मशीन आणि मोठा पडदा जीपमध्ये घालून गिऱ्हाइकाच्या गावी जायचं, सगळ्या भावकीसमोर लग्न दाखवायचं, आणि मग ती पेटी नवरीच्या बापाच्या हातात ठेवायची. लोक पुढच्या रांगेसाठी भांडायचे. मी नाटकवाला; मला त्या गर्दीचा हेवा वाटायचा आणि आनंदही व्हायचा.

एका लग्नात मुलीकडच्यांनी रणजीतला सांगितलं आणि मुलाकडच्यांनी भागवतला. पंगतीत दोघांची धक्काबुक्की झाली ती झालीच, पण पुढे मुलीची आई लाल पेटी घेऊन व्याह्यांकडे गेली, तर तिथे भागवतचं मशीन लागलेलं. ते लाल चकती घेईना. “आमच्या पोरीचं लग्न तुमच्या घरी दिसतच न्हाई काहून?” म्हणून ती बाई रुसून परत आली. सहा महिने व्याही व्याह्याशी बोलले नाहीत.

मग दोन हजार आठच्या फेब्रुवारीत पेपरात चार ओळी आल्या. लाल चकती काढणाऱ्या कंपनीने हात वर केले. निळी जिंकली. भागवतने जवळा बाजारात भर आठवडी बाजारात फटाक्यांची माळ लावली आणि दुकानाबाहेर पाटी टांगली: ‘लाल पेटी आणा, निळी करून न्या.’ दोन्ही चकत्या वाचणारं नवं मशीन त्याने मुद्दाम आणलं होतं, रणजीतची गिऱ्हाइकं ओढायला. पण एक माणूस आला नाही. कारण तोवर लोकांनी लाल चकत्या आपापल्या साध्या डीव्हीडीवर घालून पाहिल्या होत्या, काही दिसलं नव्हतं, आणि ‘रणजीतने कोऱ्याच दिल्या’ असं ठरवून त्या ज्वारीत पाखरं हाकायला टांगल्या होत्या. उन्हात त्या चमचम करायच्या. रणजीत त्या रस्त्याने जाताना मान खाली घालायचा. पुढे त्याचा लॅपटॉपही विजेच्या एका झटक्यात जळाला. भागवतचा आनंदही फार टिकला नाही म्हणा. पेनड्राइव्ह आला आणि निळ्या पेटीलाही कोणी विचारेना. पण हे दोघे काही एकमेकांशी बोलले नाहीत.

आता ढावलो.

बंजारा तांड्यात मुलगी सासरी निघते तेव्हा ती एकेकाच्या गळ्यात पडून गाते. त्याला गाणं म्हणावं तर ते रडणं असतं, आणि रडणं म्हणावं तर त्याला चाल असते. तोच ढावलो. आईच्या गळ्यात पडताना बोल वेगळे, भावाचे वेगळे, बापाचे वेगळे. नवरीला सुचलं नाही तर एखादी जाणती बाई तिच्या पाठीशी उभी राहते, पुढून म्हणते आणि नवरी मागून म्हणते. फाट्याजवळच रणजीतचा तांडा, आणि त्याची आई चंदाबाई ही त्या तांड्याची जाणती बाई. लांबलांबच्या तांड्यांतून तिला बोलावणं यायचं. मी उभ्या आयुष्यात रंगमंचावर शेकडो वेळा रडलो, टाळ्या घेतल्या. चंदाबाईला एकदा ऐकलं आणि मला कळलं, मी नुसता डोळे पुसत होतो.

त्यातही तिचा बापाचा ढावलो. बाकीच्या बाया आईचेच बोल बापाला लावून वेळ मारून नेतात. चंदाबाईचे बापाचे बोल तिचे स्वतःचे होते, आणि ते कोणी शिकून घेतले नाहीत. घाई काय होती? चंदाबाई होतीच की.

दोन वर्षांपूर्वी तिला लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. कळतं सगळं, तोंडातून नुसता घोगरा सूर निघतो. तिचे ओठ थोडेसे हलतात, आणि त्यावरून तिला काय हवं ते एकटी सखुबाई ओळखते. सखुबाई तिची बालमैत्रीण. एकाच तांड्यातून दोघी एकाच साली इथे सुना म्हणून आल्या. पाणी हवं, पाय चेपायचे, सुनेला शिवी द्यायची, सगळं सखुबाईच्या तोंडून होतं.

रणजीतची मुलगी दिपा नांदेडला नर्सिंग शिकली. पोरगी धीट. तिने घरात जाहीर केलं, “निघताना डीजे लावायचा न्हाई. मी आजीचा ढावलो म्हणणार.” तिची आई शितल पुसदकडची, तिला तिच्या माहेरचा येत होता. दिपा तो म्हणू लागली की चंदाबाई डाव्या हाताने जमीन थोपटायची.

“न्हाई म्हणते,” सखुबाई सांगायची. “हा त्यांच्याकडचा हाय म्हणते.”

“मग तुमीच सांगा ना मावशी!”

“मला आईचा येतो पोरी. भावाचा बी येतो. बापाचा तिचा एकटीचा.”

रणजीतच्या बहिणीला, पूजाला फोन लावला. तिच्या लग्नात चंदाबाईने तो शेवटचा पुरा म्हटला होता; नवरा गेल्यावर बापाचा तिने पुन्हा म्हटलाच नाही. पूजा म्हणाली, “दादा, मी तवा शुद्धीवर व्हते का? मला फक्त आपल्या बापूच्या सदऱ्याचा वास आठवतो.”

दिपा शिकेना, आजी थोपटणं थांबवेना. शेवटी चंदाबाईने भिंतीकडे तोंड केलं आणि दोन दिवस भाकरीला हात लावला नाही. आणि मग एका सकाळी तिने स्वतःच्या लोखंडी पेटीकडे बोट केलं. दिपाने पेटी उघडली. तळाशी, जुन्या ओढणीत गुंडाळलेली, लाल प्लास्टिकची चपटी पेटी. आत पूजाच्या लग्नाची चकती. म्हातारीने चकतीवर बोट ठेवलं, मग आपल्या गळ्यावर ठेवलं.

घरात आनंदीआनंद झाला. शितलने चहा टाकला. दिपा नाचत दुकानात आली, “बापू, आजीचा आवाज सापडला!” मी टाळी वाजवली आणि रणजीतकडे पाहिलं. त्याच्या हातातल्या कात्रीने कोणाचा तरी पासपोर्ट फोटो कानापासून कापला होता.

पोरगी गेल्यावर तो मला म्हणाला, “मास्तर, कोणाला सांगू नका. त्या चकतीत आवाज हाय का न्हाई, मला माहीत न्हाई.”

“म्हणजे?”

“तवा आमी सगळ्याच लग्नाला गाणं चढवत व्हतो. मूळ आवाज काढून टाकायचा, वरून शहनाई, सिनेमाचं गाणं. लोकाला तेच आवडायचं. रडारडीचा आवाज कोण ठेवतं? पूजाच्या लग्नाची शूटिंग मी कापायला-जोडायला बसलो तवा बापू दवाखान्यात व्हता. कसं कापलं, काय लावलं, काई आठवत न्हाई. चकती लिहिली, पेटीत घातली आणि बापू गेला. मग ती कोण बघतं? कोणीच पाहिली न्हाई.”

“मूळ कॅसेट?”

“त्याच कॅसेटवर पुढची चार लग्नं घेतली.” तो हातांकडे बघत होता. “आई सोळा वर्षं ती चकती उराशी धरून हाय, तिचा आवाज हाय म्हणून. आणि मी तिच्यावर शहनाई वाजवून ठेवली असंल तर?”

मग त्याची दोन्हीकडून कोंडी झाली. चकती चालली नाही तर पोरगी बापाच्या गळ्यात मुक्याने पडणार. चकती चालली आणि त्यात शहनाई निघाली, तर आईला काय तोंड दाखवायचं? तरी त्याने शोध सोडला नाही. नांदेडचे दुरुस्तीवाले, औरंगाबाद, तो हैदराबादचा मावसभाऊ. सगळे हसले. एकाने तर विचारलं, “असली चकती होती का कधी?” लग्न जवळ येत चाललं. पत्रिका वाटून झाल्या, मांडवाचे बांबू आले, आणि दुकानातला फोन वाजला की रणजीत दचकायचा. जेवण अर्ध्यावर सोडायचा. मी त्याचा चेहरा बघायचो आणि मला वाटायचं, पडदा वर जायची वेळ झाली आणि समोरचा नट अजून आलेला नाही.

जवळा बाजारची पाटी त्यालाही आठवत होती आणि मलाही. आम्ही दोघे त्याबद्दल अवाक्षर काढत नव्हतो. शेवटी मीच म्हणालो, “भागवतकडे ते दोन्ही चकत्या वाचणारं मशीन होतं ना?”

“मला माहीत हाय,” तो म्हणाला. “त्याच्या दारात मी जाणार न्हाई.”

पण दारामागे दिपा उभी होती. तिने तिथल्या तिथे जवळा बाजारच्या मंडपवाल्याकडून नंबर मिळवला आणि माझ्यासमोर, स्पीकरवर, फोन लावला.

“काका, मी वारंग्याच्या रणजीत फोटोवाल्याची पोरगी बोलते.”

पलीकडून, “काहून? तुझ्या बापाला तोंड न्हाई का?”

“हाय. पण ते शरमून राहिले.”

भागवत खो-खो हसला. “चकती लाल हाय का?”

“व्हय.”

“मशीन पोत्याखाली हाय. चालंल का न्हाई, देव जाणे. उद्या सकाळी या. आणि बापाला आण. त्याच्याबिगर मी हात लावणार न्हाई.”

दुसऱ्या दिवशी जीपमध्ये रणजीत, दिपा, मी, आणि हट्टाने चंदाबाई. तिला एकटीला कसं सोडायचं म्हणून सखुबाई. लाल पेटी चंदाबाईने मांडीवर धरलेली, कोणाला देईना. वसमत मागे पडलं तसा रणजीतला घाम सुटला. एकदा त्याने गाडी बाजूला घेतली, उतरला, बाभळीखाली उभा राहिला आणि परत येऊन बसला.

भागवत आता मंडप आणि ड्रोनचा धंदा करतो. पोट सुटलेलं, केस पिकलेले. दारातच म्हणाला, “या एचडीवाले! लई दिवसांनी पाय लागले.”

“मशीन चालू हाय का ते बोल.”

“अगोदर पाणी तरी पी. तुझ्या आईला खुर्ची दे. हारलेल्या माणसाची इतकी घाई बरी न्हाई.”

“तू जिंकून काय केलं? सतरंज्याच घालून राहिला न्हवं?”

भागवतने त्याच्याकडे पाहिलं, आणि का कोण जाणे, त्याचा चेहरा सैल झाला. “बराबर हाय तुझं,” म्हणाला. “ये, हात लाव.” दोघांनी मिळून पोत्याखालून तो जुना संगणक ओढून काढला. धूळ अशी उडाली की सखुबाई शिंकत बाहेर गेली.

चालू तर झाला. पण चकती घालायचा कप्पा उघडेना. सखुबाई परत आली तशी भागवतने तिच्या पदराची टाचणी मागितली, बारीक भोकात खुपसली, आणि कप्पा कुरकुरत बाहेर आला. चंदाबाईने पेटी दिपाच्या हाती दिली. भागवत चकती पुसू लागला.

“गोल गोल पुसू नको,” रणजीत म्हणाला. “मधून बाहेर पूस.”

“मला शिकवू नको.” पण पुसली मधून बाहेर.

चकती आत गेली. घरघर, टकटक, आणि गप्प. पडद्यावर काही नाही. पुन्हा काढली, पुन्हा पुसली, पुन्हा घातली. घरघर. टकटक. रणजीत दाराच्या चौकटीला धरून उभा होता, आणि मी शपथेवर सांगतो, ती चकती चालू नये असंच त्या क्षणी त्याला वाटत होतं. दिपा पुटपुटत होती, “चाल ना, चाल ना.” बाहेर कोणीतरी सोयाबीनची पोती उतरवत होतं, प्रत्येक धपकन आवाजाला आम्ही सगळे दचकत होतो. वीज गेली तर? ही एकच चकती, हे एकच मशीन, आणि दोन्ही म्हातारी.

तिसऱ्या वेळी पडदा उजळला.

काय चित्र होतं! हल्ली हातातल्या फोनवर तसं दिसतं म्हणतात, पण त्या काळी ते चमत्कारच म्हणायचं. मांडवाची पानं, ओढणीवरचे आरसे, कपाळावरचे घामाचे थेंब. रणजीतचे वडील नेमसिंग लाल फेटा बांधून उभे, जिवंत. पूजा त्यांच्या गळ्यात. आणि तिच्या पाठीशी चंदाबाई, ताठ, दोन्ही हात वर, तोंड उघडलेलं.

आणि स्पीकरमधून आली शहनाई. पाठोपाठ एका सिनेमातल्या प्रेमगीताची धून, बँजोवर.

चंदाबाई कान देऊन ऐकत होती. बँजो वाजत राहिला. मग तिने हळूहळू मान वळवून लेकाकडे पाहिलं. रणजीत चौकटीवरून घसरला आणि जमिनीवर बसला. “आई,” एवढंच म्हणाला.

मला वाटलं आता भागवत बोलणार. इतक्या वर्षांचा हिशेब चुकता करायला यापेक्षा चांगली वेळ त्याला मिळणार नव्हती. पण भागवतने हात पुढे केला आणि आवाजाचं बटण शून्यावर नेलं. “आमी बी हेच करत व्हतो बाप्पा,” तो हळूच म्हणाला. “माझ्या बहिणीच्या लग्नावर मी पोलिसांचा बँड चढवलाय.”

आता पडद्यावर नुसतं चित्र. माणसं रडतायत, तोंडं हलतायत, आणि आवाज नाही. दिपाने तोंडावर ओढणी धरली. तेवढ्यात मागून सखुबाई म्हणाली,

“थांबवा. मागं घ्या.”

“काय झालं मावशी?”

“मागं घ्या म्हणते ना! ती बोलून राहिली. दिसत न्हाई का तुमाला?” ती खुर्ची सरकवून पडद्याच्या अगदी जवळ गेली. भागवतने चित्र मागे घेतलं. सखुबाईने डोळे बारीक केले. दोन वर्षं ती याच ओठांकडे बघत होती, जेव्हा त्यांतून काहीच नीट निघत नव्हतं. इथे तर ते धडधाकट होते. तिने गोरबोलीत, आपल्या बंजारा भाषेत, म्हणायला सुरुवात केली, मोडक्या चालीत, अडखळत. दिपाने फोन पुढे धरला. अर्थ रणजीतने मला नंतर सांगितला, तो आपल्या मराठीत असा:

बापू, तू रानातून येशील, हाक कोणाच्या नावाने मारशील?
माझी घागर पालथी घालू नको बापू, ती भरून ठेव.
तुझ्या बैलांच्या मागे मी धुळीत चालले, त्या धुळीवर सडा टाकू नको.

एक ओळ झाली की सखुबाई चंदाबाईकडे वळायची. चुकलं असेल तर डावा हात मांडीवर आपटायचा. सखुबाई शिवी हासडून पुन्हा ओठ बघायची. बरोबर असेल तर म्हातारी डोळे मिटायची. कुठे चित्र अडकायचं, चौकोन चौकोन व्हायचं, भागवत ‘चल रे बाबा’ म्हणत संगणकाच्या पाठीवर थाप मारायचा. आमच्या मंडळीत विंगेत बसून वाक्यं पुरवणारा एक प्रॉम्प्टर होता, त्याच्या भरवशावर आम्ही राजे झालो. त्या दिवशी ती दगदग मी पुन्हा पाहिली. फरक इतकाच, की इथे वाक्य विसरलं असतं तर दुसऱ्या प्रयोगाला सुधारता येणार नव्हतं.

शेवटची ओळ मात्र मिळाली नाही. नेमसिंगांनी लेकीला कवटाळलं, मान वळवली, आणि चंदाबाईचं तोंड त्यांच्या फेट्याआड गेलं. दहादा मागे घेतलं. फेटा हलेना.

“बापू गेला तरी आडवा येऊन राहिला,” सखुबाई म्हणाली आणि डोळे पुसले.

चंदाबाईला विचारलं. तिने प्रयत्न केला, ओठ वाकडे झाले, घोगरा सूर निघाला. सखुबाईने कान लावला, मान हलवली. चार वेळा तसं झालं आणि म्हातारीने हात उडवला, राहू दे. मग तिने रणजीतकडे बोट केलं आणि ओठ पुन्हा हलवले. तो जमिनीवरच होता. घाबरून सखुबाईकडे बघू लागला.

“काय म्हणते?”

सखुबाई हसायला लागली. “म्हणते, गाणं फालतू लावलं. पण मी बरी दिसते.”

लग्नाला भागवत शूटिंगला आला. त्याने स्वतःच सांगितलं, दुसऱ्या कोणी कॅमेरा धरला तर मी जेवणार नाही. रणजीतच्या हातात त्या दिवशी काहीच नव्हतं. शेकडो लग्नांत तो निरोपाच्या वेळी कॅमेऱ्यामागे असायचा. आता त्याचे हात कुठे ठेवायचे तेच त्याला कळेना. एकदा खिशात, एकदा पाठीमागे, एकदा फेट्यावर. दिपा आईच्या गळ्यात पडली, शितलच्या माहेरचा ढावलो म्हणाली. मामाचा झाला. भावकीतल्या बायांचा झाला. मग ती बापासमोर आली.

मी चंदाबाईच्या खुर्चीमागे उभा होतो. मला ठाऊक होतं, पोरीला तीनच ओळी येतात, आणि चौथी कोणालाच येत नाही. रणजीतलाही ठाऊक होतं. तिने त्याच्या गळ्यात हात टाकले. हाक झाली, घागर झाली. आवाज फुटत होता, पण चाल सुटली नाही. बैलांची धूळ झाली. सगळा तांडा रडत होता.

आणि ती थांबली. सखुबाईने माझं मनगट धरलं. ढोलवाला काठी वर धरून तसाच राहिला. दिपाने एकदा आजीकडे पाहिलं. आजी तिच्याकडे बघत होती, पण तिथून काही मिळण्यासारखं नव्हतं. भागवतने कॅमेऱ्यावरून डोळा काढला होता. रंगमंचावर असं झालं असतं तर मी पडदा पाडा म्हणून ओरडलो असतो.

मग त्याच चालीत, त्याच फुटक्या आवाजात, पोरगी म्हणाली,

“बापू, मी फोन केला की उचलत जा. शूटिंगमध्ये असला तरी उचलत जा.”

बायांमधून कोणीतरी रडता रडता फिसकन हसलं. मग दुसरी. चंदाबाईचं अर्धं तोंड हसलं आणि तिचा डावा हात खुर्चीवर पडून होता, तो उचललाही नाही तिने. सखुबाई म्हणाली, “घ्या, हिचा पण एक झाला.” रणजीत काय म्हणाला ते ढोलात बुडालं. त्याची मान मात्र दोनदा हलली.

गाडी निघाली, तांड्याच्या रस्त्यावरून फाट्याकडे वळली. धूळ खाली बसायच्या आत रणजीतच्या खिशातला फोन वाजला. त्याने तो पहिल्याच घंटेला उचलला, आणि बराच वेळ नुसता कानाला लावून उभा राहिला.